यकृत आणि दुर्बीण: वीस वर्षे रेंगाळलेला एक प्रश्न 🧵

यकृतातून दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहते. शल्यविशारदांना या अवयवाचा धाक वाटे तो यामुळेच. १८८८ साली बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी यकृतातील गाठ कापून काढली. रुग्ण वाचला, परंतु रक्तस्रावामुळे काही तासांतच पोट पुन्हा उघडावे लागले.

१९०८ मध्ये ग्लासगोच्या प्रिंगल यांनी यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या तात्पुरत्या दाबून धरण्याची युक्ती मांडली. १९५७ मध्ये फ्रान्सच्या क्लोद क्विनो यांनी यकृताचे आठ खंड दाखवले आणि शल्यविशारदांच्या हाती नकाशाच आला.

दुर्बिणीने यकृताची गाठ काढल्याची पहिली नोंद १९९१ ची, तीही स्त्रीरोगशास्त्राच्या नियतकालिकात! त्या गाठी साध्या होत्या. कर्करोगाच्या बाबतीत भीती वेगळी होती. पोटात हात नाही, तर रक्त उसळल्यावर दाबायचे कशाने? पोट फुगवणारा वायू कापलेल्या शिरेतून हृदयात शिरला तर? आणि बोटांना न जाणवलेली गाठ मागे राहिली तर? गंमत अशी की त्याच वायूच्या दाबाने शिरांतील रक्तस्राव कमी होतो, हे पुढे अनुभवाने कळले.

२००९ च्या जागतिक आढाव्यात २,८०४ रुग्णांपैकी मृत्यू अवघे ९. शस्त्रक्रियेच्या मेजावर एकही नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थबकावे. हे रुग्ण निवडले कोणी? स्वतः शल्यविशारदांनी. सुरुवातीला लहान, काठावरच्या, सहज हाती लागणाऱ्या गाठीच घेतल्या जात, आणि आढाव्यातील सुमारे ४५ टक्के गाठी तर कर्करोगाच्या नव्हत्याच. साधन अस्सल असले तरी साक्ष एकतर्फी होती.

निवडीचा हा दोष ऑस्लोने दूर केला. २०१२ ते २०१६ या काळात मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात पसरलेल्या २८० रुग्णांची विभागणी तेथे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, कोणाच्याही पसंतीविना झाली. गुंतागुंत उघड्या शस्त्रक्रियेत ३१ टक्के, दुर्बिणीने १९ टक्के. रुग्णालयातील मुक्काम ९६ तासांवरून ५३ तासांवर आला. खरा प्रश्न मात्र आयुष्याचा होता, आणि त्याचे उत्तर २०२१ मध्ये आले: पाच वर्षांनी हयात असलेले दुर्बीण गटात ५४ टक्के, उघड्या गटात ५५ टक्के. म्हणजे लहान छेदाची किंमत आयुष्याने मोजावी लागली नव्हती.

तथापि ऑस्लोत यकृताचे मोठे भाग काढलेले नव्हते. अर्धे यकृत काढण्याची तुलना युरोपातील ‘ऑरेंज टू प्लस’ चाचणीने केली. २०२४ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: रुग्ण सावरण्यास पाचऐवजी चार दिवस.