गुडघेदुखी आणि तोलाचे व्यायाम (वसई-विरार परिसर)

गुडघेदुखी, जुनाट : तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेली गुडघ्याची वेदना. पन्नाशीनंतर तिचे मुख्य कारण सांध्याची झीज हे असते. वैद्यकात तिला अस्थिसंधिशोथ म्हणतात, आयुर्वेदात संधिगत वात. लोकांच्या तोंडी मात्र 'गुडघ्यातलं वंगण संपलं' हाच शब्द असतो आणि त्याने फार नुकसान केले आहे. वंगण संपले म्हटले की माणूस हालचाल थांबवतो. वास्तविक सांध्यातील कूर्चेला (कार्टिलेजला) रक्तवाहिन्याच नसतात. भार पडतो, सुटतो, तेव्हा ती सांध्यातील द्रवातून पोषण घेते. अंथरुणाला खिळलेला गुडघा म्हणूनच उपाशी राहतो.

या परिसरात गुडघ्याला विसावा कमी. भाताच्या आवणीच्या दिवसांत पोटरीभर चिखलात वाकून काम चालते. वाडीत भाजी खुडताना, विळीवर बसताना, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर मासळी निवडताना उकिडवे बसावे लागते. फुले-भाजीचे ओझे घेऊन पहाटेच्या लोकलने दादर गाठणाऱ्या बायकांना रेल्वेपुलाचे जिने चुकत नाहीत. वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीत लिफ्ट नसलेल्या जुन्या चार मजली इमारती पुष्कळ आहेत. जिना उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून अधिक भार येतो. वजन एक किलो उतरले तर दर पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार हलका होतो.

तोल का बिघडतो. गुडघा एकटा काम करत नाही. खुब्याच्या बाजूचे स्नायू सैल पडले की एका पायावर भार येताच गुडघा आत झुकतो. दुखण्यामुळे मांडीचे पुढचे स्नायू वाळतात. पाय नेमका कुठे टेकला आहे याची जाणीवही मंदावते. मग माणूस दुखरा पाय टाळून दुसऱ्यावर रेलतो, आणि काही वर्षांत तोही कुरकुरू लागतो. तोलाचे व्यायाम हे चक्र तोडण्यासाठी असतात.

पद्धत. खुबा, गुडघा आणि पावलाची दुसरी-तिसरी बोटे एका रेषेत ठेवणे, हा सगळ्याचा पाया. स्वयंपाकघराचा ओटा धरून एका पायावर दहा सेकंद उभे राहावे. सवय झाली की ओट्यावर फक्त हाताची बोटे टेकवावीत. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता सावकाश उठावे, त्याहून सावकाश बसावे. भिंतीलगत टाच-बोट जोडत चालावे. कमी उंचीच्या पायरीवर चढ-उतार करताना गुडघा आत वळतो का, ते आरशात पाहावे. व्यायामात थोडे दुखले तर घाबरू नये. दहापैकी पाचपर्यंतची वेदना चालते, मात्र ती चोवीस तासांत पूर्वपदावर यायला हवी. आली नाही तर दुसऱ्या दिवशी मात्रा कमी करावी. हा नियम व्यायामाइतकाच महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक जण पहिल्याच दुखण्यात सोडून देतात.

डेन्मार्कमध्ये २०१३ मध्ये सुरू झालेला 'ग्लॅड' कार्यक्रम याच तत्त्वावर उभा आहे : माहितीची दोन सत्रे आणि देखरेखीखाली व्यायामाची बारा. बॉस्टनमधील २०४ रुग्णांच्या अभ्यासात (२०१६) ताई ची या संथ चिनी व्यायामाचा गुण फिजिओथेरपीइतकाच आला. आपल्याकडे पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी भिंत, खुर्ची, दोर, पट्टा यांच्या आधाराने आसने शिकवली. भिंतीशी उभे राहून केलेले वृक्षासन हा तोलाचाच धडा. हे उपाय झिजलेली कूर्चा परत आणत नाहीत. वेदना कमी करतात, चालणे सुधारतात. झीज फार वाढल्यास सांधेबदल शस्त्रक्रिया करावी लागते; कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली. गुडघा गरम होऊन सुजला, ताप आला, सांधा अडकला किंवा पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, तर व्यायाम थांबवून डॉक्टर गाठावा.

जिना. विरारच्या जीवदानी देवीच्या गडाला तेराशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि तिथे जाण्याची ओढ गुडघेदुखीने कमी होत नाही. चढताना आधी बरा पाय, उतरताना आधी दुखरा पाय टाकावा. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी.