आर्द्रतामापकाची परीक्षा

उष्णता अंगाला जाणवते, वारा कानांना ऐकूं येतो. परंतु हवेंत मिसळलेलें पाणी डोळ्यांना दिसत नाहीं. तें कळतें तें केवळ त्याच्या परिणामांवरून. आषाढांत कोंकणांतील घरांत बरणींतलें मीठ पाझरूं लागतें, दारें फुगून चौकटींत अडकतात, तबल्याचें कातडें सैल पडून सूर उतरतो आणि कपाटांतील पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी चढते. ह्या ओलाव्याला आवर घालण्यासाठीं आतां अनेक घरांत डीह्युमिडिफायर, म्हणजे हवा कोरडी करणारें यंत्र, आलें आहे. त्याचें काम साधें असतें. पंख्यानें ओढलेली हवा थंड नळ्यांवरून जाते, तिच्यांतील पाणी नळ्यांवर जमून खालच्या भांड्यांत ठिबकतें व कोरडी झालेली हवा बाहेर पडते.

पण केव्हां चालावें आणि केव्हां थांबावें, हें ठरविण्याचें काम यंत्राच्या पोटांत बसविलेल्या एका लहानशा सेन्सरकडे असतें. हा सेन्सर आर्द्रता वाजवीपेक्षां जास्त सांगूं लागला, तर यंत्र रात्रंदिवस घरघरत राहतें व विजेचें बिल वाढतें. तो कमी सांगूं लागला, तर संकट अधिक मोठें. कारण यंत्र शांत बसतें, पाटीवर पंचेचाळीसाचा आंकडा झळकत असतो आणि कपाटांतील पोथी निमूटपणें कुजत असते. जास्त सांगणाऱ्याचा संशय लौकर येतो. कमी सांगणाऱ्याचा येत नाहीं. म्हणून खऱ्या साक्षीदारापासून खोटा साक्षीदार निवडावा कसा, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. हा प्रश्न नवा नाहीं. आर्द्रता मोजण्याच्या शास्त्राइतकाच तो जुना आहे.

इ. स. १४५० च्या सुमारास कूझाचा निकोलस ह्या जर्मन धर्मगुरूनें एक युक्ति लिहून ठेविली. तराजूच्या एका पारड्यांत लोकर व दुसऱ्यांत दगड घालून कांटा समतोल करावा. हवा ओली झाली कीं लोकर पाणी शोषून जड होईल व तिचें पारडें खालीं जाईल. पुढें लिओनार्दो दा विंचीनेंहि अशाच धर्तीचा तराजू चितारला. इंग्लंडांत रॉबर्ट हूक ह्यानें १६६५ सालच्या आपल्या ‘मायक्रोग्राफिया’ ग्रंथांत रानटी ओटच्या कुसळाचें साधन वर्णिलें. तें कुसळ ओलाव्यानें उलगडतें व कोरडेपणानें पुन्हां पीळ घेतें. त्याला कांटा जोडला कीं झालें. ह्या सर्व साधनांनीं हवा कालच्यापेक्षां ओली कीं कोरडी, एवढें कळे. ती किती ओली, हें मात्र कळत नसे; आणि दोन माणसांचीं दोन साधनें एकमेकांशीं जुळत नसत, कारण दोहोंना समान अशी खूणच नव्हती.

ती खूण देण्याचा पद्धतशीर प्रयत्न जिनीव्हाच्या होरास-बेनेदिक्त द सोस्यूर ह्यानें केला. १७८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथांत माणसाच्या केंसाचें आर्द्रतामापक वर्णिलें आहे. केंस ओल्या हवेंत लांबतो. अगदीं कोरड्या हवेपासून संपृक्त हवेपर्यंत, म्हणजे आणखी बाष्प न सामावूं शकणाऱ्या हवेपर्यंत, ही वाढ शेंकडा दोन-अडीच इतकीच असते. सोस्यूरनें केंस सोड्याच्या पाण्यांत उकळून त्याचा तेलकटपणा काढला, तो लहानशा चाकावरून घेऊन कांट्याला जोडला आणि दोन खुणा पक्क्या केल्या. आंतून ओल्या केलेल्या कांचेच्या घंटेखालील हवा म्हणजे शंभर, आणि पाणी शोषून घेणाऱ्या क्षारांनीं सुकविलेली हवा म्हणजे शून्य.

ह्यावर त्याच गांवीं जन्मलेल्या व इंग्लंडांत जाऊन राहिलेल्या झां-आंद्रे देल्युकनें आक्षेप घेतला. त्याचें साधन देवमाशाच्या तोंडांतील लवचिक पट्टीचें होतें, आणि वरची खूण साधन प्रत्यक्ष पाण्यांत बुडवूनच ठरवावी, असें त्याचें म्हणणें होतें. एकाच हवेंत दोन्ही साधनें निरनिराळे आंकडे दाखवीत. सोस्यूरला १७८८ सालीं आपल्या केंसाच्या समर्थनार्थ स्वतंत्र लेखन करावें लागलें. वस्तुतः केंस व देवमाशाची पट्टी हीं दोन्ही प्रामाणिक होतीं. पण प्रत्येक आपापल्या स्वभावाप्रमाणें बोलत होतें. लांबी वाढते ती केंसाची. ती हवेंतील ओलाव्याच्या अगदीं समप्रमाणांत वाढावी, असें कांहीं निसर्गाचें बंधन नाहीं.

हा गुंता उलगडण्यासाठीं साधनाबाहेरचा न्यायाधीश पाहिजे होता. फ्रान्समधील गे-ल्युसाकनें तो पुढें आणला. क्षारांच्या व आम्लांच्या द्रावणांवरील बंदिस्त हवेंत बाष्पाचें प्रमाण ठराविक राहतें. अशा हवेंत केंसाचें साधन ठेवून त्यानें कोष्टक तयार केलें. त्यांत असें दिसून आलें कीं, कांटा ७२ वर असतो तेव्हां हवा जेमतेम निम्मी संपृक्त असते. लंडनमध्यें जॉन फ्रेडरिक डॅनियलनें १८२० सालीं दुसरा मार्ग दाखविला. पृष्ठभाग थंड करीत जावें व त्यावर दंव कोणत्या उष्णतामानाला जमतें तें पाहावें. ह्या दोन्ही रीतींत भरंवसा केंसाच्या स्वभावावर नसून बाष्पाच्या नियमावर होता.

विसाव्या शतकांत केंसाची जागा विजेनें घेतली. अमेरिकेंतील फ्रान्सिस डनमोर ह्यानें १९३८ सालीं लिथियम क्लोराइडाचा थर दिलेलें साधन तयार केलें. ओलाव्यानें त्या थराचा विद्युत्-रोध बदलतो. फिनलंडमधील वैसाला कंपनीनें १९७३ सालीं प्लास्टिकच्या जातीच्या पातळ पापुद्र्याचा सेन्सर पुढें आणला. पापुद्रा पाणी शोषतो व त्यामुळें त्याची विद्युत्-भार धरण्याची शक्ति वाढते. घरगुती यंत्रांतहि ह्याच दोन तत्त्वांवरील स्वस्त सेन्सर आढळतात. म्हणजे लोकर, कुसळ, केंस, क्षार, पापुद्रा असे साक्षीदार बदलत गेले. साक्ष मात्र सदैव अप्रत्यक्षच राहिली. सोस्यूरच्या केंसाला तेल बाधे, तशी आजच्या पापुद्र्याला धूळ, रंगाच्या व द्रावकांच्या वाफा आणि वय बाधतें.

म्हणून यंत्रावर संशय आला, तर पहिला उपाय सेन्सर बदलण्याचा नसून त्याची परीक्षा घेण्याचा आहे. आणि ती परीक्षा गे-ल्युसाकच्याच रीतीनें स्वयंपाकघरांत घेतां येते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेंतील लुईस ग्रीनस्पॅन ह्यानें १९७७ सालीं प्रसिद्ध केलेल्या कोष्टकाप्रमाणें साध्या मिठाच्या संपृक्त द्रावणावरील बंद हवेची सापेक्ष आर्द्रता २० अंश सेल्सिअसला ७५.५ टक्के व ३० अंशांना ७५.१ टक्के असते. उष्णतामान दहा अंश बदललें तरी फरक अर्ध्या टक्क्याहूनहि कमी.

रीत अशी. एका झांकणांत शुद्ध मीठ घेऊन त्यावर पाण्याचे थेंब टाकावे. मीठ ओल्या वाळूसारखें व्हावें, विरघळून जाऊं नये. मिठागरांतलें खडेमीठ घेऊं नये, कारण त्यांतील मॅग्नेशियमचे क्षार याहून कोरड्या हवेंतहि पाणी ओढतात. तें झांकण आणि एक लहान सुटें आर्द्रतामापक घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावें, व एक दिवसानंतर आंकडा वाचावा. तो ७० आला, तर तें मापक त्या जागीं पांच कमी सांगतें, असें समजावें. अशा रीतीनें पारखलेलें मापक मग यंत्राच्या हवा ओढणाऱ्या जाळीजवळ ठेवून दोहोंचे आंकडे ताडून पाहावे.

मात्र यंत्र तासभर बंद ठेवूनच हें करावें. २० अंशांना एका घनमीटर हवेंत सुमारें १७ ग्रॅम बाष्प मावतें, ३० अंशांना सुमारें ३० ग्रॅम. तेव्हां यंत्राची ऊन हवा भिंतीवर आपटून सेन्सरकडे परत येत असेल, तर सेन्सर खरें बोलत असूनहि आंकडा कमीच येणार. तेथें दोष सेन्सरचा नव्हे, जागेचा. तीन ते पांच टक्क्यांचा फरक घरगुती साधनांत चालण्याजोगा आहे. त्याहून मोठा आढळला, तर विजेचा प्लग काढून प्रथम जाळी धुवावी, सेन्सरवरील धूळ हलक्या फुंकरीनें उडवावी, त्याची तार नीट बसली आहे कीं नाहीं तें जाणत्या कारागिराकडून पाहून घ्यावें. इतकें करूनहि आंकडा हटून बसला, तर मात्र सेन्सर बदलावा.

पाटीवरील आंकडा कितीहि ठसठशीत असला, तरी तो एका पापुद्र्याची साक्ष आहे. दरवर्षीं मृगापूर्वीं एकदां त्या साक्षीची उलटतपासणी घेतली, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने कपाटांतील पुस्तकें सुरक्षित राहतात. त्यासाठीं लागतें तें चिमूटभर मीठ आणि एक दिवसाचा धीर.