पाठीत मशीन, बॅगेत पेनकिलर: परदेशी जाताना खरी अडचण कशाची?

ऑक्टोबर २०१७. एक ब्रिटिश महिला सुट्टीसाठी इजिप्तमधल्या हुरघाडा विमानतळावर उतरली. तिच्या बॅगेत ट्रॅमाडॉलच्या २९० गोळ्या सापडल्या. इजिप्तमध्ये राहणाऱ्या जोडीदाराची पाठ दुखते, त्याच्यासाठी आणल्या, असं तिचं म्हणणं होतं. ब्रिटनमध्ये हे औषध डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतं. इजिप्तमध्ये मात्र ते नशेसाठी इतकं वापरलं जातं की त्यावर कडक बंदी आहे. डिसेंबरमध्ये कोर्टाने तिला तीन वर्षांची शिक्षा सुनावली. ती सुटली जानेवारी २०१९ मध्ये.

जुनाट दुखणं असलेली माणसं परदेशी निघताना वेगळ्याच गोष्टीला घाबरतात. पाठीत बसवलेलं मशीन विमानतळावर वाजलं तर? अडवलं तर? प्रत्यक्षात मशीनचा प्रश्न बहुतेक वेळा एका कार्डावर सुटतो. गोळ्यांचा तेवढा सहज सुटत नाही.

हे मशीन असतं काय?

वर्षानुवर्षं पाठ किंवा पाय दुखतोय, ऑपरेशन होऊनही फरक नाही, अशा काही रुग्णांना डॉक्टर स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर बसवायला सांगतात. मणक्यात, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक वायर असते आणि कमरेच्या खाली किंवा पोटाजवळ त्वचेखाली बॅटरी. वायरमधून जाणारे विजेचे सौम्य झटके दुखण्याचा संदेश मेंदूपर्यंत पोहोचण्याआधीच दाबतात. अमेरिकेत १९६७ मध्ये नॉर्मन शीली या न्यूरोसर्जनने ते पहिल्यांदा माणसात बसवलं. आपल्याकडेही मोठ्या शहरांतल्या काही हॉस्पिटलमध्ये आता ते बसवतात.

विमानतळावरच्या मेटल डिटेक्टरच्या चौकटीत चुंबकीय क्षेत्र असतं. त्यातून जाताना मशीनचा जोर क्षणभर कमी-जास्त होऊ शकतो आणि अचानक झटका बसून तोल जाऊ शकतो. दुकानांच्या दाराशी असलेल्या चोरी पकडणाऱ्या खांबांपाशीही हाच धोका. म्हणून रांगेत असतानाच मशीनचं ओळखपत्र हातात ठेवा आणि चौकटीत शिरण्याआधी सुरक्षा कर्मचाऱ्याला सांगून हाताने तपासणी मागा. चौकटीतूनच जावं लागलं तर रिमोटने मशीन बंद करा, मध्ये न थांबता सरळ पुढे या आणि मग पुन्हा चालू करा. भारतातल्या विमानतळांवर हातातला डिटेक्टर प्रत्येकाच्या अंगावरून फिरवतातच. तो बॅटरीच्या जागेवर धरून ठेवू नका, एवढं नम्रपणे सांगायचं. हे कार्ड ऑपरेशनच्या वेळी मिळतं आणि बऱ्याच घरांत फाइलमध्ये पडून राहतं. निघण्याच्या आदल्या रात्री शोधू नका.

चार्जर आणि रिमोट केबिन बॅगेतच ठेवा. बॅग हरवली तर तो चार्जर परदेशातल्या दुकानात मिळणार नाही. त्यावर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय का बघा, कारण जपानमध्ये वीज १०० व्होल्टची आहे आणि अमेरिकेत १२०.

एकच गोळी, प्रत्येक देशात वेगळी

मशीन असलं तरी अनेकांच्या गोळ्या सुटत नाहीत. ट्रॅमाडॉल भारतात एप्रिल २०१८ पासून अंमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलं, तरी डॉक्टर ते लिहून देतात. इजिप्तचं वर वाचलंतच. जपानमध्ये तेच ट्रॅमाडॉल साधं चिठ्ठीचं औषध आहे, अशी औषधं महिनाभर पुरतील एवढी नेली तर वेगळी परवानगी लागत नाही. पण मॉर्फिन, ऑक्सिकोडोन किंवा फेंटॅनिलचा पॅच असेल, तर जपान आधी लेखी परवानगी मागतो, नग कितीही कमी असोत. टोयोटाच्या वरिष्ठ अधिकारी ज्युली हॅम्प यांना जून २०१५ मध्ये टोकियोत अटक झाली ती अमेरिकेहून पार्सलने आलेल्या ऑक्सिकोडोनमुळे. पुढे खटला न भरता त्यांना सोडलं, पण नोकरी गेली.

नसांच्या दुखण्यावर आपल्याकडे सर्रास दिलं जाणारं प्रेगाबॅलिन ब्रिटनमध्ये एप्रिल २०१९ पासून नियंत्रित औषध आहे. संयुक्त अरब अमिरातीत प्रेगाबॅलिन, ट्रॅमाडॉल, कोडीन या तिन्हींवर नियंत्रण आहे आणि तिथे जाण्याआधी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. महाराष्ट्रातून सर्वाधिक माणसं जातात त्या ठिकाणांपैकी दुबई एक, म्हणून हे नीट लक्षात ठेवा. (दिवाळीचे अनारसेही तिकडे नेऊ नका, खसखशीवर बंदी आहे.) थेट विमान नसेल तर वाटेतल्या देशाचा नियमही बघा. व्हिएन्नातलं संयुक्त राष्ट्रांशी संलग्न आंतरराष्ट्रीय अंमली पदार्थ नियंत्रण मंडळ प्रवाशांसाठी देशवार नियम आपल्या वेबसाइटवर देतं. तिथे बघून त्या देशाच्या दूतावासाला ईमेल करा आणि आलेलं उत्तर छापून जवळ ठेवा.

कापलेली पट्टी चालत नाही

आपल्या सवयी इथे आडव्या येतात. मेडिकलवाला दहा गोळ्यांची पट्टी कापून सहा देतो आणि नेमकं औषधाचं नाव आणि एक्स्पायरी दुसऱ्या तुकड्यावर राहते. काहीजण आठवड्याच्या डबीत सगळ्या गोळ्या एकत्र भरतात. कस्टमच्या अधिकाऱ्याला त्यातलं काहीच ओळखता येत नाही. अख्ख्या पट्ट्या, मूळ खोका आणि बिल सोबत घ्या. डॉक्टरकडून लेटरहेडवर इंग्रजीत टाइप केलेलं पत्र घ्या: पासपोर्टवर आहे तसं नाव, आजार, औषधाचं मूळ नाव, डोस, किती दिवसांसाठी, आणि शरीरात कोणतं मशीन आहे ते. फक्त ब्रँडचं नाव उपयोगाचं नाही, भारतातले बरेचसे ब्रँड बाहेर कुणाला माहीत नसतात.

आणि दुसऱ्याची औषधं नेऊ नका. ‘तू जातेच आहेस, तर काकांच्या एवढ्या गोळ्या घेऊन जा’ ही विनंती मोडणं अवघड असतं, पण चिठ्ठीवरचं नाव पासपोर्टशी जुळलं नाही तर उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. इजिप्तमध्ये पकडलेल्या त्या महिलेच्या नावावरही गोळ्यांची चिठ्ठी नव्हती.

इन्शुरन्स घेताना मशीन लपवू नका. अनेक पॉलिसी आधीपासूनच्या आजाराचा खर्च फक्त जिवावर बेतल्यासच देतात आणि माहिती दडवली असेल तर तोही नाकारू शकतात. व्हीलचेअर हवी असेल तर एअरलाइनला ४८ तास आधी कळवा. परदेशात अपघात झाला आणि एमआरआय करायची वेळ आली, तर मशीनचं मॉडेल कळल्याशिवाय डॉक्टर पुढे जाऊ शकत नाहीत, कारण काही मॉडेलना एमआरआय चालतो, काहींना नाही. बेशुद्ध माणूस ते सांगू शकत नाही, म्हणून कार्डाचा फोटो सोबतच्या माणसाच्या फोनमध्येही असू द्या.

ज्यांच्या शरीरात औषध सोडणारा पंप आहे, त्यांनी तिकीट काढण्याआधी पंप पुन्हा भरायची तारीख बघावी. तो रिकामा पडला तर औषध एकदम तुटतं आणि बॅक्लोफेनच्या बाबतीत ते जिवावर बेतू शकतं. परतीची तारीख त्याच्या बरीच आधीची ठेवा, विमान रद्द झालं तरी हातात दिवस उरतील इतकी.