ज्ञान वेळेवर पोंचावें

चेंबूरचें नांव घेतलें कीं कोणाला तेलशुद्धीचे कारखाने आठवतात, तर कोणाला फाळणीनंतर निर्वासितांसाठीं उभी राहिलेली वसाहत. परंतु १९५६ सालीं याच उपनगरांत एका निराळ्या शास्त्राचें बीं रुजलें, हें फारसें कोणाच्या ध्यानांत नसतें. संयुक्त राष्ट्रसंघ, भारत सरकार आणि सर दोराबजी टाटा विश्वस्तनिधि यांच्या साहाय्यानें लोकसंख्याशास्त्राचें शिक्षण व संशोधन करणारी संस्था येथें निघाली. पुढें ती शेजारच्या देवनारला स्थिरावली. माता किती वयाच्या, मुलें किती, आणि पुढचें मूल केव्हां हवें हें ठरविण्याचें साधन त्यांना ठाऊक होतें कीं नाहीं, असले प्रश्न शास्त्राच्या कक्षेंत आले.

हे प्रश्न उघडपणें विचारण्याचा मार्ग मात्र सुखाचा नव्हता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें; मेरी स्टोप्स बाईंचें लंडनमधील केंद्रही त्याच वर्षींचें. या मतांपायीं कर्व्यांना विल्सन कॉलेजांतील गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकांत ते वाचकांच्या शंकांना उत्तरें देऊं लागले. वडीलधाऱ्यांना जें विचारण्याची सोय नव्हती, तें लोक त्यांना विचारीत. १९३४ सालीं अशीं कांहीं उत्तरेंच अश्लील ठरवून त्यांच्यावर खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्यांची बाजू मांडली. तरी दंड टळला नाहीं. १९३८ सालीं आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीनें मुंबई विधानसभेंत संततिनियमनाचा ठराव आला. तोही फेटाळला गेला.

याच काळांत शारदा कायद्यानें मुलीच्या विवाहाची किमान मर्यादा चौदा वर्षांची होती. म्हणजे चौदाव्या वर्षीं संसार मांडण्यास कायद्याची ना नव्हती; त्याच मुलीनें स्वतःच्या शरीराचे नियम समजून घेण्यास मात्र समाजाची ना होती! १९७८ सालीं ती मर्यादा अठरावर आली. तथापि कायदा वय ठरवितो, समज देत नाहीं.

याची साक्ष देवनारची संस्थाच देते. १९९२-९३ पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचें काम तिच्याकडे आहे. २०१९-२१ च्या पाहणींत महाराष्ट्रांतील वीस ते चोवीस वर्षांच्या शंभर स्त्रियांपैकीं सुमारे बावीस जणींचें लग्न अठरा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच झालेलें आढळलें. अपुऱ्या वाढीच्या देहावर बाळंतपणाचा भार पडला म्हणजे माता व मूल दोघांच्याही जिवाला धोका वाढतो. लग्नानंतर, पहिल्या बाळंतपणानंतर दिलेला सल्ला अशा मुलीच्या काय उपयोगाचा?

कर्व्यांना दंड भरावा लागला तो उत्तरें दिल्याबद्दल. आज तशी भीति नाहीं. वयांत येणाऱ्या मुलामुलींनीं प्रश्न विचारला असतां घरांतील वडीलधाऱ्यांनीं विषय बदलावा, हा संकोच तेवढा सुटावयाचा आहे.