कृत्रिम व्हॉइसओव्हरची वापरमर्यादा

लिखित मजकुराचे यांत्रिक आवाजात निवेदन करून देणाऱ्या सेवा ठरावीक मुदतीत किती मजकूर बोलून देतील, यावर घातलेला निर्बंध. व्हिडिओ करणाऱ्यांच्या बोलण्यात ‘कॅरेक्टर लिमिट’, ‘कोटा’ किंवा नुसते ‘क्रेडिट’. ॲमेझॉन पॉली (२०१६) आणि गूगल क्लाउड यांच्या सेवांनी आकारणी वर्णचिन्हांवर बेतली. २०२२ मध्ये स्थापन झालेल्या इलेव्हनलॅब्जच्या मोफत योजनेत महिन्याला १०,००० क्रेडिट मिळतात.

मर्यादा दोन प्रकारची असते : महिन्याची आणि एका खेपेची. महिन्याची सर्वांना ठाऊक असते, अडवते ती बहुधा दुसरी. पॉलीच्या नेहमीच्या विनंतीत ३,००० वर्णचिन्हे चालतात. गूगलची नेहमीची मर्यादा ५,००० बाइटची आहे, आणि मराठीचे कोडे इथेच सुरू होते. यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, इंग्रजी अक्षर एकच. म्हणजे इंग्रजीत ५,००० अक्षरे जिथे मावतात, तिथे मराठीची जेमतेम १,६६६ चिन्हे मावतात.

शिवाय चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. ‘महाराष्ट्र’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा. यंत्राच्या हिशेबात काने, हलन्त, सुटी व्यंजने मिळून तो १० चिन्हांचा, म्हणजे ३० बाइटचा. ‘दुसऱ्या’ शब्दातला ‘ऱ्या’ कोणत्या कळांनी टाइप केला यावरही आकडा बदलतो : ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह घेतले तर सात, साध्या ‘र’ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह लावले तर आठ. स्क्रिप्टची लांबी शब्दांत मोजणाऱ्याचा अंदाज म्हणूनच चुकतो. मोजणी यंत्राच्याच पद्धतीने करावी. मोकळ्या जागाही सहसा मोजल्या जातात. विराम-उच्चार सांगणाऱ्या खुणांबाबत मात्र एकवाक्यता नाही : पॉली त्या बिलात धरत नाही, गूगल जवळजवळ सगळ्या धरते.

कोटा संपतो तो लांब स्क्रिप्टमुळे कमी, फेरघडणीमुळे जास्त. दहा मिनिटांच्या निवेदनात एक आडनाव चुकीचे उच्चारले गेले म्हणून सगळा मजकूर पुन्हा चालवला, की खर्च दुप्पट. जाणकार संकलक परिच्छेदागणिक वेगळी फाइल करतो, नावे क्रमाने देतो आणि चुकलेले वाक्यच पुन्हा बोलवून टाइमलाइनवर बसवतो. विशेषनामे आणि आकडे आधी दोन ओळींत ऐकून घेतो. ‘१२५’ लिहिले तर तीन चिन्हे, ‘एकशे पंचवीस’ लिहिले तर अकरा; तरीही शंका असेल तिथे अकराच परवडतात, कारण चुकीचा उच्चार झाला तर ते वाक्य पुन्हा मोजले जाते.

नव्या पिढीचे आवाज तोच मजकूर दर वेळी थोड्या निराळ्या लयीत बोलतात. पसंत पडलेला ध्वनी लगेच उतरवून ठेवला नाही, तर तोच पुन्हा मिळेलच असे नाही. शिलकीचा प्रश्नही योजनेगणिक बदलतो. उरलेले क्रेडिट पुढच्या महिन्यात जातात की नाही, हे अटींतच पाहावे लागते.

इलेव्हनलॅब्जच्या मोफत योजनेत व्यावसायिक वापराची मुभा नाही. जाहिरातीच्या व्हिडिओसाठी मोफत कोट्यात कितीही क्रेडिट शिल्लक असले, तरी ते उपयोगाचे नाहीत.