तोफा, देवाजी
गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाचे कार्यकर्ते. त्यांचे नेतृत्व भाषणांपेक्षा बैठकांत मुरले. सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने गावात अभ्यासगट रुजला. तिथे कायदा, जंगल, बांबू यांवर फक्त चर्चा होई. निर्णय ग्रामसभेचा, तोही सर्वसहमतीचा. एकाचाही विरोध असला की विषय पुढे ढकलायचा. पद्धत वेळखाऊ खरी, पण पुढाऱ्याला हुकूम सोडायची सोयच तिने ठेवली नाही.

२००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला.

तरी बांबूच्या वाहतूक परवान्यावरून वन विभागाशी वाद चालूच राहिला. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवानापुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले.