मुरुमांच्या ट्यूबची गोष्ट

परवा भाचीचा फोन आला. "मावशी, डॉक्टरांनी दिलेल्या मलमाने चेहरा आणखीच बिघडला गं!" कोणतं मलम म्हणून विचारलं, तर ट्रेटिनॉइन. मला हसूच आलं. पंचवीस वर्षांपूर्वी माझीही हीच रड होती. तेलकट चेहरा, गालभर मुरूम, आणि लग्नकार्यात भेटणाऱ्या प्रत्येक काकूंचा नवा उपाय. मसूरडाळ झाली, मुलतानी माती झाली, जायफळ उगाळून झालं.. शेवटी कामी आली ती हीच ट्यूब.

तिला म्हटलं, "सुरुवातीला त्रास होतोच. रात्री चेहरा पूर्ण कोरडा झाला की मटारच्या दाण्याएवढंच लाव, दिवसा उन्हाला जप आणि तीनेक महिने धीर धर. फारच आग झाली तर डॉक्टरांना विचार."

फोन ठेवल्यावर मात्र या ट्यूबची जन्मकथा आठवली. ती तिला सांगितली नाही. इथे लिहितेय.

मुरूम काही आजचे नाहीत. सुश्रुतसंहितेत त्यांना 'मुखदूषिका' म्हटलंय आणि शाल्मलीच्या, म्हणजे आपल्या काटेसावरीच्या काट्यांची उपमा दिलीय. काटेसावरीचं खोड पाहिलेल्याला ती लगेच पटेल! विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत मुरुमांवर गंधकाची मलमं लावत, चक्क क्ष-किरणही देत. लहान वयात डोक्यामानेला असे किरण घेतलेल्यांत थायरॉइडचा कर्करोग वाढल्याचं पुढे लक्षात आलं.

मग आलं ट्रेटिनॉइन. हे 'अ' जीवनसत्त्वापासून बनणारं आम्ल. रंध्राच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून बूच बसतं आणि आत तेल साचतं. हे औषध ते बूचच सैल करतं. फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली मुरुमांवरच्या त्याच्या उपयोगाचा निबंध छापला. १९७१ मध्ये अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली.

पण त्याचे प्रयोग झाले कुणावर? त्याच शहरातल्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर. १९५१ ते १९७४ अशी तब्बल तेवीस वर्षं क्लिगमन यांचे प्रयोग तिथे चालले. पायाच्या बुरशीची साथ आली म्हणून त्यांना पहिल्यांदा बोलावलं होतं, आणि मग ते तिथलेच झाले. कैद्यांच्या पाठीवर पट्ट्या चिकटवायच्या, खाली कधी सौंदर्यप्रसाधनं, कधी औषधं, तर कधी डायॉक्सिनसारखं विषही! कैदी बहुतांश कृष्णवर्णीय. कित्येकांचा खटलाही उभा राहिला नव्हता, जामिनाला पैसे नव्हते म्हणून ते आत होते. प्रयोगाचे चार डॉलर मिळायचे, म्हणून ते सही करत. आपल्या अंगाला काय लावतायत हे त्यांना धड सांगितलं जात नसे. याला संमती म्हणायचं का?

२००० साली सुमारे तीनशे माजी कैद्यांनी दावा लावला. मुदत उलटून गेली म्हणून तो फेटाळला गेला. क्लिगमन २०१० मध्ये वारले. विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने २०२१ मध्ये माफी मागितली, फिलाडेल्फिया शहराने २०२२ मध्ये. तोवर त्यातले कितीतरी जण हयातही नव्हते.

आता मी काय करू? ट्यूब फेकून द्यायला सांगू? त्याने कुणाच्या पाठीवरचा एक डागही पुसला जाणार नाही. औषध चांगलं आहे आणि ते मिळवण्याची रीत वाईट होती. दोन्ही खरं आहे. एकाने दुसरं खोडलं जात नाही.

माझ्या गालांवर अजून चारदोन खड्डे आहेत. मुरूम गेले तरी कधी कधी व्रण राहतात, आणि मलमाने असे खोल खड्डे भरून येत नाहीत. पूर्वी आरशात बघताना त्यांचा राग यायचा. हल्ली तिथे बोट गेलं की त्या अनोळखी पाठी आठवतात. त्यांच्या व्रणांपुढे माझे कसले!

असो. तीन महिन्यांनी भाचीचा चेहरा साफ झाला की तिलाही हे सांगणार आहे. तोवर तिच्या आईने हे वाचलं, तर कृपया गप्प राहावं!